गाढवाच्या पाठीवरचं कथील: पुशुकेनच्या पेढीचं प्रकरण

इ.स.पू. १८८० च्या आगेमागे पुशुकेन नावाचा एक व्यापारी अश्शूरमधलं घर, बायको आणि मुलं मागे ठेवून कनेशला मुक्कामाला होता, तोही महिन्या-दोन महिन्यांसाठी नाही, वर्षानुवर्षं. अश्शूर म्हणजे आजच्या उत्तर इराकमध्ये तैग्रिसच्या काठावरचं शहर. कनेश म्हणजे मध्य तुर्कस्तानात कायसेरीजवळचं कुलतेपे. दोहोंत हजारएक किलोमीटरचं अंतर आणि मध्ये टॉरस पर्वत. गाढवांचा तांडा निघाला की पोचायला सहा आठवडे.

अश्शूरच्या जमिनीत ना कथील होतं, ना चांदी, ना तांबं. त्या काळात अश्शूर साम्राज्यही नव्हतं, बाहेर काढण्याजोगी फौजही नव्हती. कनेशचा राजा स्थानिक आणि स्वतंत्र, उद्या त्यानं या परक्यांना हाकलून दिलं असतं तरी अश्शूरला काही करता आलं नसतं. तरीही दोनशेच्या आसपास वर्षं या मार्गावरचा कथलाचा आणि कापडाचा धंदा अश्शूरच्या घराण्यांच्या हातात राहिला. स्वतःकडे काहीही नसलेल्या शहरानं परमुलखातली बाजारपेठ कशी धरून ठेवली, हा या प्रकरणाचा प्रश्न. पुशुकेनचं घर हाताशी धरलं की त्याची बरीच उकल होते.

मणी आणि वही

दूरच्या व्यापाराची सुरुवात सांगायची तर सहसा मण्यांपासून सांगतात. कापादोकियातली, म्हणजे कनेशच्याच मुलखातली, ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काळी काच शेती पुरती स्थिरावण्याच्याही आधी पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोपर्यंत पोचली होती. अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा निळा लाजवर्द इ.स.पू. २५०० च्या सुमारास दक्षिण इराकमधल्या उर शहराच्या राजकबरींत पुरला गेला. त्याच कबरींत पांढऱ्या नक्षीचे तांबडे अकीकाचे मणी निघाले, ते सिंधू खोऱ्यातल्या कारागिरीचे. अक्कडचा राजा सारगॉन फुशारकी मारतो, की मेलुहा, मगान आणि दिलमुनची गलबतं माझ्या धक्क्याला लागतात. यातलं दिलमुन म्हणजे बहरीन, मगान म्हणजे ओमानची बाजू आणि मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक मुद्रा आहे. तिच्या मालकाचं नाव शू-इलिशू आणि धंदा मेलुहाच्या भाषेचा दुभाषा.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचून बरं वाटतं, आणि वाटावंच. पण लोथल-मोहेंजोदडोच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, कारण ती लिपी वाचता येत नाही. मणी हातात आहे. तो कुणी घडवला हे सांगता येतं, कुठे पोचला हेही सांगता येतं. मधला सगळा व्यवहार मात्र अंधारात आहे. रोखीनं की उधारीवर, कुणाच्या भांडवलावर, वाटेत बुडाला तर नुकसान कुणाचं, काही कळत नाही. ऑब्सिडियनचं तर बहुधा असंच झालं असेल, की या गावानं त्या गावाला दिली, त्यानं पुढच्याला दिली, आणि ज्यानं ती डोंगरातून काढली त्याला जेरिकोचं नावही ठाऊक नव्हतं. माल लांब गेला, पण सबंध वाटेची जबाबदारी घेणारा माणूस त्यात दिसत नाही.

कनेशला याच्या नेमकं उलट आहे. तिथे माल उरलेला नाही. कथील तांब्यात मिसळून कांसं झालं, लोकरीचं कापड कुजलं, चांदी अश्शूरला परत गेली. व्यापाऱ्यांची घरं स्थानिक बांधणीची, भांडीकुंडी स्थानिक. मातीच्या पाट्या नसत्या तर इथे परमुलखातले लोक पिढ्यान्पिढ्या नांदले याचा पत्ताही उत्खननातून लागला नसता. पाट्या मात्र तेवीस हजारांच्या आसपास आहेत, कीलाकार लिपीत, अक्कदी भाषेच्या अश्शूरी बोलीत. पत्रं, करार, हिशोब, दाव्यांच्या नोंदी. जवळजवळ सगळी खासगी कागदपत्रं, राजाची स्तुती अगदीच क्वचित.

आपल्या काळात, इ.स. १८८० च्या दशकापासून या पाट्या जुन्या वस्तूंच्या बाजारात यायला लागल्या. कुलतेपेच्या टेकाडातून येतात एवढंच माहीत होतं, आणि विद्वान टेकाड खणून हात हलवत परत जात. १९२५ मध्ये चेक विद्वान बेद्रिच ह्रोझनी यांना उमगलं, की गावकरी टेकाडावर खणतच नाहीत, पायथ्याच्या सपाट शेतात खणतात. व्यापाऱ्यांची वस्ती तिथे होती. पुढे १९४८ पासून ताहसिन ओझगुच यांनी तिथे आयुष्यभर खणलं. पुशुकेनच्या घरची बरीच पत्रं मात्र त्याआधीच्या चोरट्या खणण्यातली, त्यामुळे ती जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोनं या पाट्यांना जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतलं.

एका गाढवाचा हिशोब

कांसं करायचं तर तांब्यात दहाएक टक्के कथील लागतं. तांबं अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मुबलक होतं, कथिलाची चणचण होती. अश्शूरला ते पूर्वेकडून, इराणच्या बाजूनं येई. अश्शूरचे व्यापारी ते विकत घेत, त्यासोबत दक्षिणेतल्या बाबिलोनियाचं आणि घरात विणलेलं कापड भरत, आणि कनेशला नेऊन चांदीत रूपांतर करत.

वजनाचं माप मिना, म्हणजे अर्धा किलो. मिन्याचे ६० शेकेल. एका गाढवावर साधारण १३० मिना कथील चढे, म्हणजे ६५ किलो. दोन्ही बाजूंना ६५-६५ मिनांच्या सीलबंद गोण्या, वर चार-सहा कापडं, आणि वाटेतली जकात नि चारापाणी भागवायला सुटं कथील वेगळं ठेवलेलं. त्याला ते ‘हातचं कथील’ म्हणत.

आता भाव. अश्शूरला एका शेकेल चांदीला १४ शेकेलच्या आसपास कथील मिळे, कनेशला सातच. म्हणजे एका गाढवाच्या ओझ्याला अश्शूरमध्ये सव्वानऊ मिना चांदी मोजावी लागे. कनेशच्या राजवाड्यानं ६५ मागे २ मिना आपला वाटा उचलल्यावर १२६ मिना उरत, त्यांचे १८ मिना चांदी. फरक पावणेनऊ मिनांचा, सव्वाचार किलोहून जास्त चांदी. यातून वाटेतल्या छोट्या-मोठ्या राजांची जकात गेली, ती मालाच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या घरात असे. अश्शूरचा निर्गत कर १२० वा हिस्सा. गाढव साजासकट २० शेकेलच्या आसपास. हाकणाऱ्याचा पगार. एवढं वजा जाऊनही एका फेरीला भांडवलावर निम्म्याहून जास्त सुटे. कापडात त्याहून बरं होतं, चार-पाच शेकेलचं कापड तिकडे तिप्पट भावानं जाई. फक्त राजवाडा कापडावर पाच टक्के घेई आणि वर दर दहा कापडांतलं एक इतरांच्या आधी आपण विकत घ्यायचा हक्क सांगे.

परतीच्या वाटेवर चांदी हलकी, तेव्हा बरीचशी गाढवं कनेशलाच विकून टाकत. तांड्यात येतानाच ती विक्रीचा माल धरलेली असत.

आकडे वाचून हा सोन्याचा धूर निघणारा धंदा वाटतो. पण हिवाळ्यात घाट बर्फानं बंद, म्हणजे वर्षातले चारएक महिने तांडे जागच्या जागी. कनेशला माल पोचला तरी तो बहुतेक उधारीवर किरकोळ विकणाऱ्यांच्या गळ्यात पडे, आणि वसुली पुढच्या हंगामात. थकलेल्या रकमेवर अश्शूरींच्या आपापसातल्या व्यवहारात महिन्याला मिन्यामागे दीड शेकेल व्याज, म्हणजे वर्षाला ३० टक्के. नफा भावातल्या फरकात होता खरा, पण तो हातात पडेपर्यंत टिकून राहायला लागणारा दम हेच खरं भांडवल होतं, असं मला वाटतं.

तिघांची साक्ष

हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसानं आपल्याला फसवलं नाही हे कसं ओळखायचं? याला अश्शूरच्या पेढ्यांनी काढलेला तोडगा कुठल्याही हिशेबनिसाला पटेल. माल निघताना तांडा नेणाऱ्याशी साक्षीदारांसमक्ष करार होई, अमुक इतकं कथील, इतकी कापडं, अमुकाची मुद्रा. दुसरी पाटी कनेशच्या अडत्याला लिहिली जाई, की इतका माल निघाला आहे, तो उतरवून घे आणि असा असा वीक. तिसरी पाटी कनेशहून उलट यायची. गोण्या सोडल्या, वजन इतकं भरलं, एवढं वाटेत गेलं, एवढी घट, एवढ्याला विक्री, आणि ही चांदी अमक्याच्या हाती. एकच माल तीन जणांनी तीन ठिकाणी मोजलेला. महत्त्वाच्या पाटीवर मातीचंच पाकीट चढवायचं आणि त्यावर मुद्रा फिरवायची. पाकीट फोडल्याशिवाय आतला मजकूर बदलता येत नाही.

पुशुकेनकडे अश्शूरहून सूचनांचा मारा करणारा माणूस म्हणजे शलिमआहुम, त्याचा मोठा भागीदार. हे कथील रोखीनंच वीक, त्या अमक्याकडून वसूल कर, चांदी पहिल्या तांड्याबरोबर धाड. पत्रांचा सूर घरात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा आहे. पण उंटावरून शेळ्या हाकणं हाच या व्यवस्थेचा गाभा होता. एक माणूस खरेदीच्या टोकाला, एक विक्रीच्या टोकाला, आणि दोघांमध्ये फक्त माती.

याच पत्रव्यवहारात बाजाराची खबरही जाई. पुशुकेननं अक्कदी, म्हणजे बाबिलोनियाचं, कापड मागवलं, तर अश्शूरहून उत्तर आलं, की तू गेल्यापासून अक्कदी लोक शहरात आलेलेच नाहीत, त्यांच्या देशात बंडाळी आहे. हिवाळ्याआधी आले आणि परवडणारा भाव मिळाला, तर घेऊन ठेवू.

लमस्सीचा माग

आता या प्रकरणातलं मला सगळ्यात जवळचं पात्र. लमस्सी, पुशुकेनची बायको. ती अश्शूरला राहिली, आणि घर सांभाळत नुसती बसली नाही. ती, तिच्या मुली आणि दासी मिळून कापड विणत आणि तांड्याबरोबर कनेशला पाठवत. विक्रीची चांदी तिला परत येई, त्यातून पुन्हा लोकर.

एका पत्रात ती आधी माल मोजून देते. कुलुमायाबरोबर नऊ कापडं धाडली आहेत, इद्दिन-सुएनबरोबर तीन. एलानं न्यायला नकार दिला, इद्दिन-सुएननंही आणखी पाच न्यायला नकार दिला. आणि मग तिचा पारा चढतो. तू सारखं काय लिहितोस, की पाठवलेली कापडं चांगली नसतात? तुझ्या घरात राहून माझ्या कापडाला नावं ठेवणारा तो कोण आहे? मी आपली जिवापाड राबून विणते, प्रत्येक फेरीला निदान दहा शेकेल चांदी तरी तुझ्या घरात पडावी म्हणून.

दुसऱ्या एका पत्रात शेजारपाजारचं येतं. तू गेल्यापासून शलिमआहुमनं दोनदा घर बांधलं. आपलं कधी व्हायचं? मुलगी मोठी झाली आहे, तू ये आणि तिला अश्शूर देवाच्या पायाशी घाल. त्यांची मुलगी अहाहा पुढे देवाला वाहिलेली पुजारीण झाली.

या कापडाचा दर्जा काय होता, हे दुसऱ्या एका घरच्या पत्रावरून कळतं. पुझुर-अश्शूर नावाचा व्यापारी वक्कुर्तुम या बाईला कनेशहून लिहितो, की मागे पाठवलेल्या तलम कापडासारखंच कर. एका बाजूनं पिंजून घे, पण कातरू नकोस. वीण घट्ट हवी. आधीच्यापेक्षा प्रत्येक कापडात एक मिना लोकर जास्त घाल, तरी ते पातळच राहिलं पाहिजे. तयार कापड नऊ हात लांब आणि आठ हात रुंद असू दे. आणि अशा प्रत्येक कापडाला अर्धा मिना चांदी पाठवीन. हे वाचताना गिऱ्हाइकाच्या हट्टापायी बेजार झालेला अडत्या समोर उभा राहतो. बाजारभावाच्या दुप्पट दाम मिळवून देणारी ही वीण अश्शूरच्या बायकांच्या हातात होती. पेढीच्या वहीत नाव पुरुषाचं, पण कथील नेणाऱ्या गाढवाच्या पाठीवरची वरची कापडं पुष्कळदा त्यांनी विणलेली असत.

सगळ्यांचा संसार एवढ्यावर निभावत नसे. तराम-कुबी नावाची बाई नवरा इन्नाया याला लिहिते, की जाताना घर धुऊन नेलंस, एक शेकेल ठेवला नाहीस, तू गेल्यावर शहरात दुष्काळ पडला आणि घरात माप भरही सातू नव्हता. इमदिलुम या बड्या व्यापाऱ्याला घरच्या दोन बायका कौल लावून कळवतात, की तुला पैसा प्रिय आहे आणि स्वतःच्या जिवाचा तिटकारा, अश्शूरला ये आणि जीव वाचव. कनेशला असलेल्या नवऱ्यानं तिथे दुसरी बायको करायला मुभा होती. अट एवढीच, की अश्शूरची आणि कनेशची दोघींचा दर्जा वेगळा राहील आणि एकाच दर्जाच्या दोघी करता येणार नाहीत. विवाहाच्या करारातच हे लिहिलेलं असे. त्याला त्या काळची सोय म्हणा. लमस्सीची पत्रं वाचल्यावर मला ती सोय एकतर्फीच वाटते.

थैली

भांडवल कुठून येई? पेढीच्या धन्याचं स्वतःचं थोडं, उरलेलं इतरांचं. अमुर-इश्तार नावाच्या व्यापाऱ्याचा करार हाती आला आहे. अनेकांनी मिळून त्याच्या ‘थैली’त ३० मिना सोनं घातलं. १२ वर्षं तो धंदा करील. नफ्याचा तिसरा हिस्सा त्याचा. मध्येच कुणी पैसे काढून घेतले तर त्याला सोन्याच्या एका मिनामागे चारच मिना चांदी मिळेल, नफ्यातलं काही नाही. बाजारात सोन्याला चांदीच्या आठपट भाव असताना हा दर लावणं म्हणजे मधेच उठणाऱ्याला जवळपास निम्म्यानं बुडवणं. त्यामुळे कुणी उठत नसे, आणि तांडेवाल्याला बारा वर्षांची निश्चिंती मिळे. अश्शूरकडे खाण नव्हती, पण लोकांचा पैसा बारा-बारा वर्षं अडकवून ठेवणारी ही सोय होती. या प्रकरणातल्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

उरलेलं अर्धं शहराच्या कारभारात आहे. अश्शूरचा शासक स्वतःला राजा म्हणवत नसे. राजा अश्शूर देव, आणि आपण त्याचा कारभारी. नगरसभा निर्णय घेई, आणि दरवर्षी चिठ्ठी टाकून निवडलेल्या एका माणसाच्या नावानं ते वर्ष ओळखलं जाई. एरिशुम पहिला यानं इ.स.पू. विसाव्या शतकात चांदी, सोनं, तांबं, कथील, सातू, लोकर यांचा व्यापार मोकळा केल्याचं कोरून ठेवलं आहे. मोकळा, पण आपल्या लोकांपुरता. सोनं अक्कदी, अमोरी वा सुबारी अशा परक्या माणसाला विकणाऱ्या अश्शूरीला देहदंड, असा ठराव पत्रांत आला आहे. अनातोलियातलं स्थानिक कापड विकणाऱ्या अश्शूरी व्यापाऱ्यांना दंडही झाले. घरच्या विणकामाला धक्का नको, हे त्यामागचं कारण उघड दिसतं.

परमुलखात कनेशची व्यापारी पंचायत, तिला ‘कारुम’ म्हणत, इतर तीसेक शहरांतल्या अश्शूरी वस्त्यांवर देखरेख करी, तंटे मिटवी, व्याजाचा दर ठरवी. स्थानिक राजांशी करार असत. राजानं वाटेची सुरक्षा द्यायची, लूट झाली तर भरपाई, खून झाला तर रक्ताची किंमत. बदल्यात जकात. राजाला कथील हवं आणि जकातही हवी, तेव्हा परक्यांना हाकलणं त्याच्याच तोट्याचं.

जकात चुकवून

अर्थात जकात आहे तिथे तिला बगल देणारेही आहेतच. बाजूनं जाणारी एक अरुंद वाट होती, आणि ती पुशुकेनच्या वर्तुळातल्या लोकांना चांगलीच माहीत होती. एका पत्रात सल्ला आहे, की वाट मोकळी असेल तर कथील त्या वाटेनं आणा, नसेल तर लहान पुड्या करून अंतर्वस्त्रात लपवून थोडं थोडं शहरात शिरवा.

हे कधीतरी उघडकीला येणारच होतं. इर्राच्या मुलानं पुशुकेनकडे धाडलेला चोरटा माल पकडला गेला, आणि राजवाड्यानं पुशुकेनलाच कोठडीत टाकलं. एक व्यापारी दुसऱ्याला घाबरून कळवतो, की पहारा कडक आहे. राणीनं लुहुसद्दिया, हुरामा, शलहशुवा या शहरांत आणि स्वतःच्या मुलखात चोरट्या मालाबद्दल लिहून कळवलं आहे, टेहळणीला माणसं बसवली आहेत. तेव्हा कृपा करून काहीही चोरून आणू नका. कनेशमधला इतका बडा आसामी कोठडीत गेला, तरी धंदा बंद पडला नाही, हे मला त्या पत्रापेक्षाही बोलकं वाटतं. कैद झाली ती एका माणसाची. कारुम, करार आणि तांडे जागच्या जागी राहिले.

पुशुकेन मेल्यावर मुलांमध्ये वाटणी आणि देण्यांवरून भांडणं झाली, आणि अहाहा अश्शूरहून भावांना पैशांसाठी पत्रं लिहीत राहिली. इ.स.पू. १८३५ च्या सुमारास कनेशची ती वस्ती जळाली. घरांत कप्प्याकप्प्यांनी ठेवलेल्या पाट्या राखेखाली दबल्या, म्हणूनच त्या आज वाचता येतात. थोड्याच काळानं तिथे पुन्हा वस्ती झाली, अश्शूरी परत आले, पण पूर्वीचा पसारा राहिला नाही, आणि इ.स.पू. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाट्या संपल्या.

२०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी आणि एका अश्शूर-अभ्यासकानं मिळून या पाट्यांमधल्या शहराशहरांतल्या व्यवहारांच्या नोंदी मोजल्या. अंतर वाढलं की व्यापार घटतो, या आजच्या जागतिक व्यापाराला लावतात त्या सूत्रावरून त्यांनी जागा न सापडलेल्या ११ शहरांचा नकाशावरचा अंदाज बांधला. ज्या शहरांचे इतिहासकारांनी स्वतंत्रपणे अंदाज केले होते, त्यांतली बरीचशी जवळपासच उतरली. कथील कुठेच शिल्लक नाही, पण ते कुठून कुठे गेलं याचा हिशोब अजून चालतो.

अश्शूरींबरोबर त्यांची लेखणीही कनेशहून गेली. पुढे त्याच मुलखात हित्ती राज्य उभं राहिलं आणि त्यांनी कीलाकार लिपी वापरली, पण ती उत्तर सीरियाकडून घेतलेली, वेगळ्या वळणाची. पुशुकेनच्या वह्यांचं वळण अनातोलियात पुढे कुणी गिरवलं नाही.